यंत्र मिळाले, जोडणीचे काय?

अंध विद्यार्थ्याला एखादे यंत्र मिळाले की त्याचा प्रश्न मिटला, अशी आपल्याकडे एक सोयीची समजूत आहे. देणाऱ्याला देण्याचे समाधान लाभते, घेणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, छायाचित्र निघते आणि पेटी घरी येते. पुढे त्या पेटीतल्या यंत्राचे काय झाले हे विचारायला सहसा कोणी फिरकत नाही. माझ्या मते विचारावयाचा प्रश्न तोच आहे. यंत्र मिळाले, पण ते कशाला जोडले गेले? आणि जोडले गेले नसेल, तर जोडून देणे हे काम कोणाचे?

हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजते. मला जन्मापासून दिसत नाही. माझी शाळा अमरावतीला, वसतिगृहात राहून झाली. तेथे ब्रेल पाटी आणि टोचणी यांवर माझी बोटे घडली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत संत्र्याच्या कलमांचे काम करतात, आई तेथेच पिशव्यांत माती भरते. सहानुभूती मिळावी म्हणून हे सांगत नाही. पुढे कलमांचा संबंध येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मागील वर्षी एका संस्थेकडून मला ब्रेल नोटटेकर मिळाला. वर्गातील पुष्कळ जणांनी तो पाहिला आहे. एका वर्गमैत्रिणीने त्याचे नाव 'टाइपरायटरचे पिल्लू' असे ठेवले आहे, आणि ते काही अगदीच चुकीचे नाही. जाड पुस्तकाएवढी पेटी. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात, म्हणून लिहिण्यासाठी सहा कळा. संगणकासाठी आणखी दोन ठिपके मानतात, त्यांच्या दोन कळा निराळ्या. पुढच्या कडेला ठिपक्यांची वीस घरे एका ओळीत. प्रत्येक घरात आठ बारीक टाचण्या, म्हणजे एकंदर १६० टाचण्या. त्यांतील हव्या तेवढ्याच वर येतात आणि बोटाखाली ओळ उभी राहते. ती वाचून कळ दाबली की ओळ मावळते आणि दुसरी उगवते. अशा बहुतेक यंत्रांत प्रत्येक टाचणीखाली विजेने वाकणारी स्फटिकाची पट्टी असते. एवढ्या बारीक पट्ट्या बसवायच्या म्हटल्यावर किंमत चढणारच. यंत्र एकटे असले तरी टिपणे घेता येतात, साठवता येतात, वाचता येतात. परंतु त्याचा खरा उपयोग संगणकाला जोडल्यावर. मग पडद्यावर जे असेल ते माझ्या बोटाखाली येते, आणि मी ब्रेलमध्ये लिहिलेले पडद्यावर साध्या देवनागरीत उमटते. म्हणजे प्राध्यापकांनी दिलेले मी वाचावे आणि मी लिहिलेले प्राध्यापकांनी वाचावे, मध्ये तिसरा माणूस नको.

येथे एक शंका हमखास निघते. हल्ली मोबाइल बोलतो, संगणक बोलतो, मग बोटांनी वाचण्याचा हा जुना खटाटोप कशाला? मला बोलणाऱ्या संगणकाचा तिटकारा नाही. एन.व्ही.डी.ए. हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा दृष्टिहीन तरुणांनी उभा केला. २००६ मध्ये त्याची सुरुवात झाली, आणि तो फुकट मिळतो. तो नसता तर माझ्यासारखीने संगणकाला हातही लावला नसता. परंतु ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच लागतात. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे कानाने कसे ओळखावे? परिच्छेद कोठे मोडला, स्वल्पविराम कोठे पडला, नाव कसे लिहिले, यांतले काहीच कान सांगत नाही. मराठी वाङ्मय हा माझा विषय आहे. ऱ्हस्व-दीर्घ माहीत नसलेली मराठीची पदवीधर होण्याची माझी इच्छा नाही. डोळस विद्यार्थ्याला कोणी म्हणत नाही, की तुला रेडिओ आहे ना, मग पुस्तक कशाला?

आपल्या भागात अंध मुलाची गोष्ट निघाली की माधानच्या गुलाबराव महाराजांचे नाव घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही. लहानपणापासून मी ते ऐकत आले. १८८१ ते १९१५ एवढेच त्यांचे आयुष्य. अगदी तान्हेपणी दृष्टी गेलेली, आणि तरी शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण ते ग्रंथ त्यांनी सांगितले आणि दुसऱ्यांनी लिहून घेतले, हेही खरे आहे. त्यांना लिहून घेणारे शिष्य होते. मला परीक्षेत लेखनिक मिळतो, तोही कधी आदल्या रात्री, आणि 'मधुराद्वैत' हा शब्द त्याला अक्षरे फोडून सांगावा लागतो. महाराजांच्या काळी ब्रेल लिपी जगात होती. लुई ब्रेलने ती १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी सिद्ध केली होती. आपल्या देशात मात्र निरनिराळ्या भाषांच्या निरनिराळ्या ब्रेल चालत होत्या. सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. मी त्या वर्षानंतर पुष्कळ उशिरा जन्मले. तेव्हा स्वतःच्या हाताने लिहावे अशी इच्छा मी धरली, तर तो हट्ट समजू नये.

आता जोडणीकडे वळते. यंत्र दिले त्या दिवशी ते चालू कसे करावे, टिपण कसे लिहावे, एवढे दुपारपर्यंत शिकवले. संगणकाला कसे जोडावे हा भाग 'तुमच्याकडे कोणीतरी करून देईल' या वाक्यात आटोपला. हे 'कोणीतरी' फार अवघड पात्र आहे. ते प्रत्येक गावात असते असे सर्वांना वाटते, आणि शोधायला गेले की कोठेच नसते. आमच्याकडे शेवटी माझा आतेभाऊ, एक मैत्रीण आणि मी अशी तिघांची समिती झाली. मिळाली ती जागा आणि मिळाला तो संगणक घेऊन आम्ही बसलो. हे प्रकरण चार दिवस चालले. ते थोडे तपशिलाने सांगते, कारण उद्या दुसऱ्या कोणाला यंत्र मिळाले तर त्याचे चार दिवस वाचावेत.

पहिला दिवस तारेने खाल्ला. यंत्र संगणकाला जोडले की ते 'टिंग' करून चार्ज होऊ लागे, परंतु संगणक ढिम्म. साध्या यूएसबी तारेत चार धागे असतात: दोन विजेचे, दोन माहितीचे. मोबाइल चार्ज करण्याच्या कित्येक स्वस्त तारांत माहितीचे दोन धागे घातलेलेच नसतात. तार वरून तशीच, टोक तसेच, वीज जाते, पण अक्षर जात नाही. तार बदलली तेव्हा संगणकाने प्रथमच दोन सुरांची ओळखीची खूण दिली.

दुसऱ्या दिवशी संगणकाने यंत्राला ओळखले, पण पेन ड्राइव्ह म्हणून. माझी टिपणे त्याला दिसत होती, पण तो माझ्या बोटांखाली काही पाठवत नव्हता. यंत्राचे दोन स्वभाव असतात हे तेव्हा कळले. एकात ते आपले आपण टिपणवही असते, दुसऱ्यात संगणकाचे स्पर्शाचे पान होते. हा दुसरा स्वभाव यंत्राच्या यादीतून निवडून द्यावा लागतो. त्यानंतर पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाही सांगावे लागते, की ब्रेलचे यंत्र जोडले आहे आणि ते अमुक प्रकारचे आहे. तेथे मुळात 'ब्रेल नाही' अशी निवड होती. पूर्वी प्रत्येक कंपनीचे यंत्र आपली वेगळीच बोली बोलत असे, आणि प्रत्येकासाठी वेगळा दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, संगणकात घालावा लागे. २०१८ मध्ये सर्व ब्रेल यंत्रांसाठी यूएसबीचे एकच मानक जाहीर झाले, आणि २०२१ पासून एन.व्ही.डी.ए.लाही ते समजू लागले. जुन्या धाटणीच्या यंत्रांना मात्र दुभाषा अजून लागतोच.

तिसऱ्या दिवशी ओळ उमटली आणि लगेच मेली. पुन्हा उमटली, पुन्हा मेली. आतेभावाला वाटले यंत्रच बिघडले. कारण निघाले फारच घरगुती. संगणकात पडदा वाचणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू होते आणि दोघेही यंत्रावर हक्क सांगत होते. शिवाय माझा मोबाइल खिशातल्या खिशात बिनतारी जोडणीने त्याच यंत्राला ओढत होता. एका विहिरीवर तीन मोटा. दोन बंद केल्या तेव्हा पाणी आले.

या तिन्ही दिवसांत जो जो मदतीला आला, त्याने पहिली गोष्ट ही केली की माझ्यापुढून कळफलक ओढून माउस हातात घेतला. मग पडद्यावर काय घडते आहे ते मला कळेनासे होई आणि त्याला ब्रेलमध्ये काय उमटते आहे ते कळत नसे. दोन आंधळ्यांची गाठ, त्यांपैकी एक डोळस! थोड्या वेळाने तो म्हणे, "हिला जमत नाही वाटते." मित्रमैत्रिणींनो, मदत करावयाची असेल तर कृपा करून माउसला हात लावू नका. पडद्यावर काय लिहून आले ते मोठ्याने वाचा. कळ मी दाबते.

'हिला जमत नाही' हे वाक्य मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी जे उत्तर दिले ते मला पुस्तकात सापडले नसते. जंबेरीच्या खुंटाची साल चिरून तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचे, हे काम आपल्या गावात लाखांनी होते. त्याला 'डोळे भरणे' म्हणतात. (जगात सर्वत्र डोळा फुटला म्हणजे अनर्थ, शेंदूरजनाघाटात डोळा फुटला की पेढे.) वडील म्हणाले, "डोया वायला तं आपन डोयाले दोस देत नाई, पोरी. पट्टी पायतो, खुट पायतो, पानी पायतो." जोड लागली नाही तर पट्टी सैल होती का, खुंटाची साल सुटत होती का, पाणी कमी पडले का, असे एकेक पाहायचे आणि तिथल्या तिथे दुसरा डोळा भरायचा. सारा हंगाम ते हेच करतात. आमच्या समितीने पुढे त्यांचीच पद्धत धरली. आधी तार, मग यंत्राचा स्वभाव, मग प्रोग्रॅमची निवड, मग दुसरा कोणी हक्कदार आहे का ते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे. मला जमत नव्हते असे नाही. कोणता सांधा निसटला आहे एवढेच शोधायचे होते.

चौथ्या दिवशी जोड लागली, आणि खरी गंमत तेव्हा सुरू झाली. मैत्रिणीने संगणकावर 'आई' असा शब्द लिहिला. माझ्या बोटाखाली काय यावे? तिरपी रेघ, इंग्रजी एक्स आणि ०९०६. पुन्हा तिरपी रेघ, एक्स आणि ०९०८. दोन अक्षरांनी वीस घरांची ओळ बहुतेक भरून गेली. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आ म्हणजे ०९०६, ई म्हणजे ०९०८. अक्षराचे ठिपके कोणते हे ठरवणारी कोष्टके प्रोग्रॅममध्ये भाषावार असतात, आणि आमच्याकडे कोष्टक इंग्रजीचे लावलेले होते. इंग्रजीच्या कोष्टकाला 'आई' ठाऊक नाही. त्याने बिचाऱ्याने तिचा नंबर सांगितला. मराठीचे कोष्टक त्याच यादीत खाली होते. ते निवडले आणि बोटाखाली आई आली, दोन घरांत. त्या क्षणी मी काय केले ते येथे लिहीत नाही.

मराठीचे कोष्टक लावले म्हणजे सर्व संपले असेही नाही. भारती ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा यांना एकच खूण आहे. म्हणून 'म' लिहून पुढे 'ऊ' लिहिला तर तो 'मू' होतो, आणि 'मऊ' लिहायचे तर मध्ये 'अ' घालावा लागतो. जोडाक्षरात हलन्ताची खूण आपण अक्षराच्या पायाशी, म्हणजे नंतर देतो. संगणकही ती नंतरच ठेवतो. ब्रेलमध्ये ती अक्षराच्या आधी येते. 'वर्ग' लिहिताना आधी व, मग हलन्त, मग र, मग ग. ब्रेलमधून देवनागरी करताना प्रोग्रॅमला हा उलटा क्रम सुलटा करावा लागतो. कोष्टक चुकीचे असेल तर विद्यार्थिनीने बरोबर लिहिलेले कागदावर चुकीचे उमटते, आणि तपासणारे म्हणतात, हिचे शुद्धलेखन कच्चे. मराठीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी या कोष्टकात लक्ष घालावे असे मला फार वाटते. संगणकशास्त्रवाल्याला हलन्त कोठे येतो हे कोण सांगणार? ते काम मराठी विभागाचे आहे. व्याकरणाच्या तासाला आपण ज्या संधींची चिरफाड करतो, त्यांचा असा रोकडा उपयोग दुसरा दिसत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी लेखणी (म्हणजे सहा कळा) हाती घेतली, तिच्याकडे येते. यंत्र जोडले गेले, मराठी उमटू लागली. मोठ्या उत्साहाने मी आपल्या विषयांची टिपणे मागितली. ती पेन ड्राइव्हवर मिळाली. पहिलीच फाइल उघडली, मथळ्यावर बोट ठेवले, आणि ब्रेलमध्ये इंग्रजी अक्षरे आली: ई, जे, के, बी, एच. मी समजले की कोष्टक पुन्हा बिघडले. मैत्रीण म्हणाली, "अगं, इथे तर स्वच्छ 'मराठी' असं लिहिलंय." दोघीही खरे बोलत होतो. ती फाइल कृतिदेव या जुन्या फाँटात टंकलेली होती. त्या फाँटात 'म' दिसण्यासाठी इंग्रजी 'ई' टंकतात, 'र' साठी 'जे', काना म्हणजे 'के', 'ठ' साठी मोठा 'बी', दीर्घ वेलांटीसाठी 'एच'. डोळ्याला मराठीचे चित्र दिसते, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरांचा ढिगारा असतो. डोळस वाचकाला हे कधीच कळत नाही, कारण त्याला चित्र पुरते. मला चित्र चालत नाही, मला अक्षर लागते. युनिकोडमध्ये टंकलेले असेल तर 'म' हा पोटातही 'म' असतो.

दुसऱ्या फाइली तर निव्वळ छायाचित्रे होती. वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून त्यांची पीडीएफ केलेली. त्यावर बोट ठेवले की काहीच उमटत नाही, वीसच्या वीस घरे सपाट.

म्हणजे चार दिवस खपून तार, यंत्र, प्रोग्रॅम, कोष्टक एवढे सांधे आम्ही जुळवले, आणि शेवटचा सांधा निसटला तो आपल्या वर्गात. तो सांधा जुळवायला पैसा लागत नाही, देणगीदार लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. टिपणे युनिकोडमध्ये टंकली की झाले. ज्या प्राध्यापकांच्या मागील दहा-पंधरा वर्षांच्या टिपणांचा साठा जुन्या फाँटात आहे, त्यांची अडचण मला समजते. तो साठा युनिकोडमध्ये बदलून देणारे परिवर्तक आहेत, आणि बदलताना रफार, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात तेवढ्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. हे काम आपण विद्यार्थी करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण नाल्या साफ करतो, झाडे लावतो, ते चांगलेच आहे. त्यात एक दिवस टिपणांच्या रफारांसाठी काढला तर काय हरकत आहे? त्याचा फायदा माझ्या एकटीलाच होणार नाही. युनिकोडमधले टिपण मोबाइलवर शोधता येते, एकमेकांना पाठवता येते, पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला दुरुस्त करून वापरता येते.

यावर मला एक ठरावीक उत्तर मिळते. "जिद्द ठेव. माला पापळकरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेव." वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या बालगृहात वाढलेली माला २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्यातील ही गोष्ट आहे आणि ती ऐकून माझी छाती भरून आली. पण मालाच्या जिद्दीचा दाखला देऊन मला कृतिदेवमधली फाइल देणे, हे मला पटत नाही. जिद्द तारेतले दोन धागे वाढवून देत नाही. शंकरबाबांनी तिला केवळ जिद्दीचे व्याख्यान दिले असते तर ती कोठे असती, याचा विचार दाखला देणाऱ्यांनी करावा. तिच्यामागे घर होते, शिकवणारी माणसे होती.

साधने नाहीत असे म्हणण्याचाही काळ आता राहिलेला नाही. मराठीतील 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केले. दृष्टिहीनांना पुस्तके सुलभ रूपात मिळावीत यासाठी २०१३ मध्ये मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तो सर्वांत आधी मंजूर करणारा देश आपला, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे संगणकावरचे ग्रंथालय उघडले. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आल्या. दिल्लीत कायदा आहे, मुंबई-पुण्याला पुस्तके तयार होतात, माझ्या टेबलावर यंत्र आहे. या सर्वांच्या मधले दोन-चार वीतभर अंतर तेवढे कोणाच्याच खात्यात लिहिलेले नाही.

परीक्षेचेही तसेच. केंद्र सरकारच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी ज्या सूचना काढल्या होत्या, त्यांत ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ, ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा, असे सर्व होते. माझे लक्ष त्यातील एका लहानशा कलमाने वेधले. स्वतःचा संगणक आणू देऊ नये, मात्र कळफलकासारखी साहाय्यक साधने चालतील. आणि परीक्षेचा संगणक उमेदवाराला आदल्या दिवशी तपासून घेऊ द्यावा, म्हणजे काही दोष निघाला तर दुरुस्त करता येईल. हे कलम ज्याने लिहिले त्याने कधीतरी अनोळखी संगणकासमोर बसून 'टिंग' ऐकण्याची वाट पाहिली असली पाहिजे. अनोळखी संगणक म्हणजे तार, दुभाषा, कोष्टक, सर्व पहिल्यापासून. आदला दिवस मिळाला नाही तर परीक्षेचे तीन तास जोडणीतच जातील. म्हणून मी अजून लेखनिकच घेते. पुढील सत्रात निदान एक अंतर्गत चाचणी मला यंत्रावर लिहू द्यावी, अशी विनंती मी या अंकातून जाहीरपणे करते. आदल्या दिवशी संगणक कक्षाची किल्ली अर्धा तास मिळाली तरी पुरे.

आमच्या समितीने चार दिवसांत जे लिहून ठेवले, ते आता एका पानाचे झाले आहे. कोणती तार चालते, यंत्राच्या यादीत काय निवडायचे, दोन वाचक-प्रोग्रॅमांपैकी कोणता बंद करायचा, मराठीचे कोष्टक कोठे सापडते. त्याची एक प्रत देवनागरीत आणि एक ब्रेलमध्ये आहे. दोन्ही प्रती संगणक कक्षातील कपाटावर लावायला परवानगी मिळाली आहे. आणि द्वितीय वर्षाच्या टिपणांपैकी मराठीची सात आणि इतिहासाची सर्व टिपणे अजून जुन्या फाँटात आहेत. बुधवारी व शनिवारी तास सुटल्यावर मी कक्षात असते. मथळ्यांपासून सुरुवात करू. रफार कोठे निसटला ते मी बोटाने सांगेन, जो कोणी येईल त्याने फक्त टंकायचे.